खाजन, केर, मोरड : गोमंतकीय भूमीची पूररेषा

गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास लिहिताना सोळाव्या शतकातील स्थलांतराचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. या स्थलांतराच्या कथा महाजनांच्या घराघरांत भक्तिभावाने सांगितल्या जातात. मात्र ज्या गावांतून ही दैवते निघाली, त्या गावांच्या भूमीशी आणि पाण्याशी पूर्वजांनी शतकानुशतके जे नाते जोपासले, त्याची कथा फारशी कोणी सांगत नाही. वस्तुतः अनेक महाजन घराणी ही मूळ गांवकऱ्यांचीच घराणी होत, आणि गावात देवालय उभारणे व खाडीला बांध घालणे ही दोन्ही कार्ये एकाच संस्थेच्या हातची होती.

या परंपरेचा एक प्राचीन लेखी पुरावा फोंडा महालातील बांदोडे येथेच उपलब्ध झाला आहे, ही योगायोगाची गोष्ट होय. श्रीमहालक्ष्मी आणि श्रीनागेश यांच्या या गावात सापडलेला मौर्यवंशीय राजा अनिर्जितवर्मा याचा ताम्रपट विद्वान पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात. त्यात दान दिलेल्या भूमीस ‘खज्जन’ असे म्हटले असून समुद्राचे पाणी अडविण्यासाठी बांध घालण्याचा निर्देश आहे. आज ज्यास ‘खाजन’ म्हणतात तोच हा शब्द. याचा अर्थ असा, की भरतीच्या पातळीखालची जमीन बांधाच्या आधाराने पिकविण्याची विद्या या भूमीत किमान चौदाशे वर्षांची आहे.

ही विद्या समजून घ्यावयाची तर प्रथम येथील नद्यांचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. मांडवी आणि जुवारी या नद्यांत समुद्राची भरती मुखापासून कित्येक कोस आत शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, भरती-ओहोटीमधील अंतर सव्वादोन मीटरांच्या आसपास असते. दुसरीकडे, वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात कोसळतो. सह्याद्रीवरून धावत येणारे पुराचे पाणी आणि समुद्राकडून चढणारे उधाणाचे पाणी यांची गाठ पडली, की नदीला जाण्यास वाट उरत नाही. गोमंतकातील सखल भागांचा पूर हा पुष्कळदा असा दुहेरी असतो. केवळ पावसाचे माप पाहणारास त्याचा उलगडा होत नाही. त्यासाठी तिथीही पाहावी लागते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे कोकणातील दर्यावर्दी लोकांचे जुने गणित प्रसिद्ध आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेस अकरा-सव्वाअकराच्या सुमारास समुद्रकाठी भरती पूर्ण होते. नदीच्या वरच्या अंगास ती त्यानंतर पोचते.

अशा भूमीवर पूर्वजांनी जी रचना केली तिचे तीन घटक होते. पहिला बांध : नदीच्या अंगास जांभ्या दगडाचा आणि आत चिखलमातीचा, बाहेरच्या बाजूस लाटांचा मारा सोसणारी खारफुटी राखलेला. दुसरा मानस, म्हणजे बांधातील लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. तिसरा घटक पोंय, म्हणजे मानसीच्या आत राखलेले जलाशय. झडप मिटलेली असताना गावावर पडणारा पाऊस याच ठिकाणी आणि भोवतालच्या शेतांत थांबत असे. खाऱ्या मातीत तग धरणारे कोरगूट भात, मीठागरे आणि मानसीवरील मासेमारीचे उत्पन्न ही या रचनेची फळे होत.

बांध राखणे हे एकट्या-दुकट्याचे काम नव्हे. म्हणून त्याचा भार गांवकरी संस्थेने सामुदायिक रीतीने वाहिला. १५२६ साली आफोन्सो मेशिया याने तिसवाडीतील गांवकरीच्या चालीरीती ‘फोराल’मध्ये नोंदविल्या. पुढे कोमुनिदाद या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थांसाठी पोर्तुगीज शासनाने संहिता केल्या, त्यांतील अखेरची १९६१ सालची. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याच्या हाती जमीन दिली. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. बांधांच्या सांभाळाची संयुक्त जबाबदारी १९७५ च्या नियमांनुसार कुळांच्या संघटनांकडे आली. पण शेती परवडेनाशी झाली, तरुण पिढी अन्य व्यवसायांकडे वळली, आणि अनेक ठिकाणी फुटलेला बांध वेळीच बुजविणारे हात उरले नाहीत. खाजनांचे क्षेत्र सुमारे अठरा हजार हेक्टर, म्हणजे गोव्याच्या एकूण भूमीच्या जवळजवळ वीस हिश्शांतला एक हिस्सा, असे सांगितले जाते. त्यावरून या प्रश्नाची व्याप्ती कळून येईल.

पूर्वजांनी बांधाइतकाच मोलाचा आणखी एक ठेवा मागे ठेवला आहे. तो म्हणजे जमिनींची नावे. नदीकाठची, भरतीच्या पातळीखालची ती खाजन. तिच्यावरची, रेताड मातीची ती केर. आणि त्याहून उंचावरची, पावसाच्या पाण्यावर पिकणारी ती मोरड. ही नावे म्हणजे उंचीनुसार केलेली भूमीची विभागणी होय. आधुनिक अभियंता नकाशावर जी पूररेषा आखतो, ती गावच्या भाषेत शतकांपूर्वीच आखली गेली होती. जुनी वस्ती सामान्यतः खाजनात कधी उतरली नाही. ती डोंगराच्या पायथ्याशी, शेताच्या वरच्या कडेने वसली. आजही गोव्यातील जमिनीच्या नमुना १ व १४ या उताऱ्यात जिरायत, बागायत आणि तरी यांच्या जोडीला खाजन, केर व मोरड असे स्वतंत्र रकाने आहेत. घर बांधू इच्छिणारा गृहस्थ या उताऱ्यावर आपले नाव शोधतो, परंतु पुराच्या दृष्टीने खरे महत्त्व त्या रकान्यांचे आहे.

या नावांचा विसर पडल्यास काय घडते, याचे उदाहरण खुद्द राजधानीत आहे. पणजीचा बराचसा भाग पाणथळ जमिनीवर भराव घालून उभा राहिला. दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकीर्दीत, १८२७ ते १८३५ या काळात, हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. १८४३ साली पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला. त्याच नगरीतील ‘मळा’ हा भाग आपल्या नावातच आपली कुळकथा सांगतो, आणि मुसळधार पाऊस व भरती एकत्र आली म्हणजे तेथे पाणी साचते. नाव विसरले गेले तरी पाण्यास आपली जागा आठवते.

भरावाचे गणित साधे आहे. एक हेक्टर सखल जमीन एक मीटर उंच भरली, तर दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाण्याची जागा नाहीशी होते. ते पाणी नष्ट होत नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणात जाते. एकाचे जोते उंच होते आणि दहांची घरे सखल होतात. यास्तवच नगरनियोजन कायद्याच्या सतराव्या-अ कलमाने सखल जमीन भरण्यावर निर्बंध घातले, आणि २०११ च्या सागरतट नियमन अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांचे नकाशे करण्याचे व त्यांत विकासकामे न होऊ देण्याचे बंधन घातले.

पुराचे भय केवळ खाडीकाठास आहे, असेही नव्हे. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोण महालात अल्पावधीत झालेल्या अतिवृष्टीने तळपण व गालजीबाग नद्यांकाठची घरे उद्ध्वस्त केली. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोडा या महालांत जो पूर आला, तो १९८२ नंतरचा सर्वांत भीषण म्हणून गणला गेला. शेकडो घरांची हानी झाली. या डोंगरी भागांत भरतीपेक्षा नदीचे वळण, ओहोळाचे जुने पात्र आणि डोंगरकापणी या गोष्टी निर्णायक ठरतात. शिवाय १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरांनी वाढली आहे. म्हणजे आजोबांच्या काळी जी भरती बांधाच्या माथ्याखाली थांबत होती, ती आता माथ्याच्या अधिक जवळ येत आहे.

तेव्हा वडिलोपार्जित जमिनीवर नवे घर बांधणाऱ्याने, अथवा ती विकणाऱ्यानेही, काही गोष्टींची खातरजमा करून घेणे इष्ट ठरेल. उताऱ्यातील रकाना कोणता आहे? जमिनीचे जुने नाव काय? जवळचा मानस चालू आहे की निकामी? पावसाचे पाणी कोणत्या ओहोळाने जाते, आणि तो ओहोळ आज मोकळा आहे काय? मागील मोठ्या पुरात पाणी कोठवर चढले होते? अखेरच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कचेरीपेक्षा गावातील वृद्धांकडे अधिक खात्रीने मिळते. मात्र ते विचारण्यास फार काळ उरलेला नाही.

देवालयाचे शिखर दुरुस्त करण्यास महाजन एकदिलाने पुढे येतात, हे आपल्या समाजाचे भूषण आहे. ज्या पूर्वजांनी ही रीत घालून दिली, त्यांनीच दरसाल पावसाळ्यापूर्वी बांधावर मातीही टाकली. गर्भागारातील दीप आणि बांधावरील माती या दोहोंच्या सांभाळास त्यांनी एकच धर्म मानले. त्यांच्या वंशजांनी शिखराबरोबर बांधाचीही वास्तपुस्त केली, तर गावाची घरे कोरडी राहतील आणि उत्सवास परत येणाऱ्या कुटुंबांना परतावयास गाव उरेल.