हेल्वेलिनवरचे तीन महिने

वर्ड्‌स्वर्थची 'डॅफोडिल्स' आपल्याकडे शाळेपासून एम. ए.पर्यंत सर्वत्र शिकवली जाते. ही कविता ज्या दोन खंडांच्या संग्रहात १८०७ साली प्रसिद्ध झाली, त्याच संग्रहात 'फिडेलिटी' म्हणजे 'निष्ठा' या नावाची एक कविता आहे. तिच्याकडे मात्र अभ्यासक्रमाचे फारसे लक्ष गेलेले नाही. दोन्ही कवितांचा भूगोल एकच आहे. डॅफोडिल्सची रांग वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांनी १५ एप्रिल १८०२ रोजी पाहिली, ती इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातील अल्सवॉटरच्या झाडीभरल्या काठावर. 'निष्ठा' या कवितेतील घटना त्याच सरोवराच्या नैर्ऋत्येस उभ्या असलेल्या हेल्वेलिन पर्वतावर, त्याच्या कड्याखालील एका तळ्याजवळ घडली. तीही एप्रिल महिन्यातच, तीन वर्षांनी. एका कवितेत फुले आहेत, दुसरीत एक सांगाडा आणि एक कुत्रा. या दुसऱ्या कवितेमागचा इतिहास तपासून पाहिला, तर वाङ्मय आणि वस्तुस्थिती यांच्या संबंधाविषयी बरेच काही हाती लागते.

घटना थोडक्यात अशी. चार्ल्स गॉफ हा मँचेस्टरचा विशीतला तरुण भटकंतीसाठी आणि मासेमारीसाठी सरोवर-प्रदेशात येऊन राहिला होता. एप्रिल १८०५ मध्ये तो पॅटरडेल गावाहून हेल्वेलिन ओलांडून पलीकडे ग्रासमीअरला जायला निघाला. सोबत त्याची कुत्री होती; तिचे नाव परंपरेने 'फॉक्सी' असे सांगितले जाते. अंतर एका दिवसात सहज चालून जाण्याजोगे, पण हेल्वेलिनची उंची सुमारे ९५० मीटर, आणि एप्रिलात त्याच्या माथ्यावर बर्फ व धुके असणे नित्याचेच. गॉफ ग्रासमीअरला पोचला नाही. तो एकटा, परगावचा. त्यामुळे त्याची वाट पाहणारे तेथे कोणी नव्हते. २७ जुलै रोजी 'रेड टार्न' या तळ्याजवळ एका मेंढपाळाला कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. तो जवळ गेला, तेव्हा कड्याच्या पायथ्याशी माणसाची हाडे पडलेली होती आणि कुत्री अद्याप तेथेच होती. मधे तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला होता.

प्रथम एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : हा तरुण त्या डोंगरावर गेलाच कशाला? आज सुटीच्या दिवशी कुत्र्याला घेऊन डोंगरावर जाणे हा छंद आपल्याला स्वाभाविक वाटतो. १८०५ मध्ये तो तसा नव्हता. डोंगरात चालणारा माणूस म्हणजे मेंढपाळ, खाणकामगार, फेरीवाला किंवा भिकारी. पैसेवाला मनुष्य घोड्यावरून वा बग्गीतून जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत बदलू लागली. टॉमस वेस्टचे सरोवर-प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तक १७७८ साली निघाले. कोणत्या जागी उभे राहिले म्हणजे कोणता देखावा उत्तम दिसतो, हे त्यात नेमून दिलेले होते. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपल्याने युरोपच्या सफरीचा मार्ग जवळजवळ बंद झाला आणि इंग्लंडमधील रसिक तरुणांनी आल्प्सची तहान आपल्याच देशातील डोंगरांवर भागवली. गॉफ हा या नव्या जमातीचा प्रतिनिधी होय. त्याच्या अवशेषांजवळ ज्या वस्तू सापडल्या, त्यांत मासेमारीचे साहित्य होते, घड्याळ होते आणि 'क्लोद-काच'ही होती. ही एक लहानशी, काळसर छटेची बहिर्वक्र आरशी. फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँच्या चित्रांची छटा निसर्गाला यावी, म्हणून रसिक प्रवासी देखाव्याकडे पाठ करून उभा राही आणि आरशातले प्रतिबिंब न्याहाळी. डोंगराकडे पाठ करून डोंगर पाहणारा हा माणूस डोंगरानेच गिळला, यातला उपरोध वेगळा सांगण्याची गरज नाही.

मेंढपाळाचा कुत्रा आणि गॉफची कुत्री यांतील भेदही याच संदर्भात पाहावा लागतो. डोंगरातला कुत्रा कामाचा होता. मेंढ्या वळवणे हा त्याचा धर्म. गॉफची कुत्री मात्र सोबतीची होती, फिरण्याची जोडीदारीण. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेतील मेंढपाळाच्या प्रथम नजरेस येते ते हेच, की हे जनावर या डोंगरातले नव्हे. त्याची जात वेगळी, त्याचे बुजरे वागणे वेगळे. मनुष्याप्रमाणे कुत्राही येथे 'पर्यटक' आहे.

सांगाडा सापडल्यावर पहिली कथा रचली ती वृत्तपत्राने. कार्लाइलच्या एका पत्राने असे छापले, की कुत्री त्या काळात व्याली होती, पिलू मरून पडले होते, आणि तिने धन्याच्या देहावरच गुजराण केली होती. या शेवटच्या विधानाला कोणी साक्षी नव्हता. हाडे उघडी पडायला कावळे आणि कोल्हे पुरेसे होते, असेही मत पुढे मांडले गेले. कुत्री तीन महिने कशावर जगली, हे आज ठरवता येणे शक्य नाही. मेलेल्या मेंढ्या त्या डोंगरात दुर्मिळ नव्हत्या, इतकेच म्हणता येते.

दुसरी कथा रचली ती कवींनी. वॉल्टर स्कॉट त्याच वर्षी या प्रदेशात आला. वर्ड्‌स्वर्थ आणि रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्यासमवेत तो हेल्वेलिन चढला. स्कॉट आणि वर्ड्‌स्वर्थ या दोघांनीही या विषयावर कविता लिहिल्या. दुसऱ्यानेही हाच विषय घेतला आहे याची दोघांपैकी कोणालाच कल्पना नव्हती, असे वर्ड्‌स्वर्थने १८४३ साली इझाबेला फेनिक हिला सांगितलेल्या टिपणात नमूद आहे. स्कॉटची कविता भव्यतेकडे झुकते. राजवाड्यात मांडलेला राजपुत्राचा देह आणि उघड्या डोंगरावर पडलेला निसर्गभक्ताचा देह यांची तो तुलना करतो आणि दुसरे मरण अधिक उदात्त ठरवतो. कावळ्या-कोल्ह्यांना कुत्र्याने देहाजवळ फिरकू दिले नाही, असे तो ठामपणे सांगतो. जणू वृत्तपत्राला दिलेले हे उत्तरच. धन्याची निश्चलता ही झोप आहे असे त्या मुक्या प्राण्याला किती काळ वाटले असेल, हा त्याचा प्रश्न मात्र खरोखर हृद्य आहे.

वर्ड्‌स्वर्थची रीत निराळी. तो सजावट टाळतो. तळ्याभोवतालची निःशब्दता, उन्हाळ्यातही न वितळलेले बर्फ, मधूनच पाण्याबाहेर उसळणारा मासा, कड्यावर घुमणारा कावळ्याचा आवाज, इतक्या सामग्रीवर त्याची कविता उभी राहते. आणि अडचणीचा प्रश्न, म्हणजे कुत्रा जगला कशावर, आला की तो उत्तर देत नाही. ज्याने हे प्रेम दिले त्या ईश्वरालाच ते ठाऊक, असे म्हणून थांबतो. यास कोणी पळवाट म्हणेल. परंतु स्कॉट जेथे नाकारतो तेथे वर्ड्‌स्वर्थ आपले अज्ञान कबूल करतो, हा फरक लहान नव्हे.

या संयमामागे एक खाजगी कारण असावे, असे आम्हांस वाटते. वर्ड्‌स्वर्थचा भाऊ जॉन हा जहाजाचा कप्तान होता. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी त्याचे जहाज पोर्टलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि त्यात तो मरण पावला. त्याचा देह हाती यायलाही काही आठवडे जावे लागले. या भावाचा निरोप वर्ड्‌स्वर्थने सप्टेंबर १८०० मध्ये ग्रीझडेल टार्न या तळ्याकाठी घेतला होता. हे तळे हेल्वेलिनच्याच दक्षिण अंगाला, पॅटरडेलहून ग्रासमीअरला जाणाऱ्या वाटेवर आहे. म्हणजे ज्या वर्षी कवी स्वतः पाण्यात हरवलेल्या भावाचा शोक करत होता, त्याच वर्षी, त्याच डोंगरावर, दुसऱ्या एका तळ्याकाठी एक मुका जीव मृतदेहाजवळ तीन महिने बसून असल्याची वार्ता त्याच्या कानी आली. ज्याला आपल्या माणसाच्या देहाजवळ बसता आले नाही, त्याने त्या जनावरात काय पाहिले असेल? कवितेत जॉनचा उल्लेख नाही. पण ही कविता केवळ श्वानस्तुती म्हणून वाचली, तर तिच्यातील स्तब्धतेचा अर्थ लागत नाही.

तरीही दोन्ही कवितांतून एक गोष्ट गळाली आहे : ते मेलेले पिलू. स्कॉटने कवितेस जोडलेल्या गद्य टिपणात ती मादी असल्याचे नोंदले आहे. कवितेत मात्र मातृत्वाचा मागमूस नाही. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेतही तो केवळ 'कुत्रा', एक 'जीव' आहे. कड्याखाली, थंडीत, एकटीने प्रसवणारी, पिलू गमावणारी आणि तरीही जगणारी कुत्री या कथेत मावत नाही. कारण ती असेल तर तिला धन्याखेरीज स्वतःचे आयुष्य असल्याचे मान्य करावे लागते. निष्ठेच्या कथेला असे दुसरे केंद्र परवडत नाही.

यानंतर कथा कवींच्याही हातून सुटली. एडविन लँडसीअरने १८२९ मध्ये 'अटॅचमेंट' हे चित्र काढले. त्यात कुत्री धन्याच्या छातीशी बिलगलेली आहे. हाडांचा सांगाडा जाऊन तेथे देखणा तरुण देह आला. १८९० साली कॅनन रॉन्स्ली आणि फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी हेल्वेलिनच्या माथ्यावर स्मारकशिला उभारली. कॉब ही जिवंत प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांच्या विरोधातील अग्रणी कार्यकर्ती. प्रयोगशाळेतील कुत्र्याची बाजू मांडण्यासाठी डोंगरावरच्या कुत्र्याची साक्ष काढणे तिला स्वाभाविकच वाटले असणार. प्रत्येक पिढीने त्या तीन महिन्यांत आपल्याला हवे ते ओतले.

आपल्या परंपरेशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, सुमारे इ. स. ९५० चा आतकूरचा कन्नड शिलालेख सांगतो, की मणलेर या वीराने पराक्रमाचे बक्षीस म्हणून 'काळी' नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे झुंजीत कुत्रा आणि रानडुक्कर दोघेही मेले, आणि कुत्र्यासाठी शिळा उभारून जमीन लावून दिली गेली. येथे कुत्रा शोक करत नाही, लढतो. आणि त्याला नाव आहे, जे इंग्रज कवींनी त्यांच्या कुत्र्याला दिले नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात तर क्रमच उलटा आहे : तेथे निष्ठेची परीक्षा कुत्र्याची होत नाही, युधिष्ठिराची होते. रायगडावरील वाघ्याची कथा मात्र हेल्वेलिनच्या जवळची. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याला समकालीन साधनांत आधार आढळत नाही, असे अभ्यासक सांगतात. गडकऱ्यांनी 'राजसंन्यास'च्या अर्पणपत्रिकेतून त्याला वाङ्मयात स्थान दिले. त्याचा पुतळा २०१२ मध्ये हलवला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये तो काढण्याची मागणी पुन्हा झाली. हेल्वेलिनवर घटना निश्चित आहे आणि तिचा अर्थ वादग्रस्त. रायगडावर घटनाच वादग्रस्त आहे आणि भावना तेवढी निश्चित.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचे ते काय? कवितेने वस्तुस्थिती दडवली, एवढाच निष्कर्ष काढला तर तो अर्धा ठरेल. वृत्तपत्राने तरी वस्तुस्थिती कोठे सांगितली होती? त्याने भीती सांगितली, कवींनी सांत्वन सांगितले, चित्रकाराने सौंदर्य, सुधारकांनी नीती. मेंढपाळाने पाहिले ते मात्र इतकेच : हाडे, तळे, आणि हाक मारल्यावरही जवळ न येणारी, पण जागाही न सोडणारी एक कुत्री. 'निष्ठा' हा त्या दृश्याला माणसांनी दिलेला शब्द आहे. तो खोटा असेलच असे नाही. पण तो आपला आहे, तिचा नव्हे. एवढा विवेक बाळगून ती कविता वर्गात वाचली, तर डॅफोडिल्सच्या शेजारी तिला जागा द्यायला हरकत नसावी.