धुरावरून आग: रेडिओ लहरी आणि दूरच्या दीर्घिका

मंडळी, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. दुर्बिणीवर बोलायला उभा राहिलो म्हणून काहींना नवल वाटलं असेल. पण विषय आमच्याच खात्यातला आहे: अनुमान. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे, असं नैयायिक म्हणतात. धूर हा हेतू. मग अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे दीर्घिकांचे समूह शोधायचे, तर धूर कोणता?

समूह म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो दीर्घिका. जवळचे समूह छायाचित्रात ओळखू येतात. दूरचे अंधुक, अलीकडच्या गर्दीत हरवतात. रात्री शेगावहून खामगावला येताना वाटेतली घरं दिसत नाहीत, दिवा तेवढा दिसतो. आकाशातला असा दिवा म्हणजे रेडिओ दीर्घिका. तिच्या मध्यभागी मोठं कृष्णविवर असतं आणि तिथून निघणारे झोत रेडिओ लहरी पाठवतात. अशा दीर्घिका बहुधा अवजड असतात, आणि अवजड दीर्घिका बहुधा दाट वस्तीत राहतात. इथे ‘बहुधा’ हा शब्द लक्षात ठेवा.

पण हजारो दिव्यांतला दूरचा कोणता? १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक खूण सापडली. जे स्रोत कमी वारंवारतेला ठळक आणि जास्त वारंवारतेला झपाट्याने फिके होतात, ते पुष्कळदा फार दूरचे निघतात.

ही खूण पाहायला कमी वारंवारतेची दुर्बीण लागते. ती आपल्या महाराष्ट्रात आहे. गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये उटीची दुर्बीण उभी केली, आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. पाश्चात्त्य देशांत या लहरींवर माणसांचा गोंगाट फार. इथे तो कमी होता. आपलं उणेपण त्यांनी भांडवल केलं, बघा.

या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग पाहिला. त्या यादीतून २०१८ मध्ये एक रेडिओ दीर्घिका सापडली; तेव्हा ती सर्वांत दूरची मानली गेली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तिथे समूह आहेच? थांबा. दिवा एकट्या मळ्यातलाही असू शकतो. धुरासारखं दिसलं आणि ती धूळ निघाली, तर नैयायिक त्याला हेत्वाभास म्हणतात. म्हणून दुसरं प्रमाण हवं. ‘स्पायडरवेब’ नावाच्या रेडिओ दीर्घिकेभोवती २००० च्या सुमारास चिलीतल्या मोठ्या प्रकाशदुर्बिणीने शोध घेतला. तेव्हा त्याच अंतरावर आणखी दीर्घिका सापडल्या, घडत असलेला समूहच. दहा अब्ज वर्षांपूर्वीचा! तिथे अनुमान खरं ठरलं. प्रत्येक ठिकाणी ठरत नाही.

खूण दिसली की निष्कर्षावर उडी मारायची सवय आपल्याला रोजच्या व्यवहारात लागली आहे. कोणाच्या घराबाहेर धूर दिसला की आपण आग लागल्याचं गावभर सांगून मोकळे. या मंडळींनी दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या प्रकाशाबद्दलही तेवढी घाई केली नाही. एवढं घेऊन घरी जा.