दामोदर: नदी वर, कोळसा खाली

दामोदर नदी आणि तिच्या खोऱ्यातील कोळसा यांचे सान्निध्य हा योगायोग नव्हे. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी गोंडवन भूखंडावरील दलदलींत साचलेले वनस्पतींचे अवशेष खचत जाणाऱ्या लांबट खोलगटांत गाडले गेले आणि त्यांचा कोळसा झाला. आजची दामोदर त्याच प्राचीन खोलगटांच्या वाटेने वाहते. म्हणूनच राणीगंज व झरिया येथील कोळशाचे थर अनेक ठिकाणी नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पूरमैदानांखाली पसरलेले आहेत.

राणीगंज परिसरात 1774 मध्ये समनर आणि हीटली यांनी खाणकाम सुरू केले. 1855 मध्ये रेल्वे येईपर्यंत तेथील कोळसा नावांतून कलकत्त्याकडे जाई आणि त्यासाठी पावसाळ्यात दामोदर भरून वाहण्याची वाट पाहावी लागे. तेव्हा नदीचे वाढलेले पाणी खाणमालकांना हवेहवेसे होते.

खाणी खोल गेल्या तसे हे नाते पालटले. भूमिगत खाणीत कोळशाचेच खांब राखून छत पेलले जाते. पुढे ते खांबही काढले की छत कोसळते, वरची जमीन खचते, भेगा पडतात आणि पाण्याला वाट मिळते. सोडून दिलेल्या जुन्या पोकळ्यांत तर वर्षानुवर्षे पाणी साचत राहते.

हा धोका अज्ञात नव्हता. 1957 च्या कोळसा खाण विनियमांनी नदीखाली आणि काठापासून 15 मीटरच्या आत परवानगीविना खाणकामास मनाई केली; खाणीचे तोंड सर्वोच्च पूररेषेच्या किमान 1.5 मीटर वर असावे, असेही बंधन घातले. तरीही 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या पोकळीतील पाणी घुसले आणि 375 कामगारांचा अंत झाला. सप्टेंबर 1995 मध्ये मुसळधार पावसात कात्री या उपनदीचा काठ फुटला. गजलीटांड खाणीत 64 जण बुडाले.

पहिल्या दुर्घटनेत पाणी जमिनीखाली दडलेले होते, दुसऱ्या दुर्घटनेत ते उघड्यावर वाहत होते. नदीचा काठ डोळ्यांना दिसतो, त्यापासूनचे अंतर मोजता येते. पूर्वीच्या पिढ्यांनी पोखरून ठेवलेली जमीन मात्र केवळ जुन्या नकाशांतूनच कळते. तो नकाशा अपुरा असेल, तर नियमातले अंतर नेमके कोठून मोजायचे, हेच खाणीत उतरणाऱ्याला ठाऊक नसते.