बरं होणार नाही, मग व्यायाम कशाला?

कर्करोग आता आटोक्यात येणार नाही, असं सांगितलेल्या मुलाला डॉक्टर फिजिओथेरपी सुचवतात, तेव्हा आईवडील हमखास विचारतात, "आता कशाला त्रास द्यायचा? पडून राहू दे की." प्रश्न मायेपोटी येतो. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ या.

1948 साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी दाखवलं, की मुलांमधला रक्ताचा कर्करोग औषधाने काही काळ तरी मागे हटतो. पुढे औषधं वाढली, आयुष्य लांबलं. पण नवे त्रासही आले. 1960च्या दशकात आलेल्या व्हिन्क्रिस्टिनमुळे नसा अशक्त होतात, पाऊल लोंबतं, मूल अडखळतं.

त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या डॉ. हर्बर्ट डिएट्झ यांनी कर्करोग रुग्णांच्या पुनर्वसनाचे चार प्रकार मांडले. चौथा होता उपशामक, म्हणजे आजार वाढत असतानाही त्रास आणि परावलंबन कमी करणं. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. हा व्यायाम ताकद कमावण्यासाठी नसतो.

1967 मध्ये डेम सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. खास मुलांसाठीचं हेलन हाउस 1982 मध्ये ऑक्सफर्डला उघडलं. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना आश्रम आला. 1998 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं, की मुलांची उपशामक काळजी निदानापासूनच सुरू व्हावी, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत.

मग फिजिओथेरपिस्ट नेमकं काय करतात? कूस बदलून उशांचा आधार देतात, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. सांधे हलक्या हाताने हलवतात, म्हणजे ते आखडत नाहीत. लोंबत्या पावलाला स्प्लिंट लावतात. धाप लागली तर कसं बसायचं, ते शिकवतात. आईला न दुखवता उचलायला शिकवतात. हे सगळं खेळाखेळातून, मूल थकलं की थांबून.

एक काळजी मात्र घ्या. हाडात गाठ असेल किंवा प्लेटलेट्स कमी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालीश किंवा व्यायाम करू नका.

आणि मुलालाच विचारा, "तुला काय करावंसं वाटतं?" खिडकीशी बसायचं, स्वतःच्या हाताने जेवायचं, असं काही ते सांगेल. ते फिजिओथेरपिस्टना कळवा. उपचार तिथूनच ठरतो.