विद्यार्थी-संपादकाची पेन्सिल

मागे आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मी काशिनाथ त्र्यंबक तेलंगांवर एक लेख दिला होता. 'न्यायमूर्ती तेलंगांनी वेबरला उत्तर दिले' असे एक वाक्य त्यात होते. अंकाच्या संपादक मंडळातील एम.ए.च्या विद्यार्थिनीने पहिल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'सर, तेव्हा ते न्यायमूर्ती नव्हते.' क्षणभर राग आला, हे कबूल करतो. पण सनावळी ताडून पाहिली तेव्हा तिचेच बरोबर निघाले.

बर्लिनचे प्राच्यविद्यापंडित वेबर यांनी १८७० साली रामायणावरील प्रबंधात एक तर्क मांडला होता. सीताहरण आणि लंकेचा वेढा या प्रसंगांमागे होमरच्या काव्यातील हेलन आणि ट्रॉय यांची छाया असावी, असा तो तर्क. त्याचा प्रतिवाद करणारा तेलंगांचा इंग्रजी निबंध १८७३ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाला. तेलंगांचा जन्म १८५० चा. म्हणजे वकिलीत नुकतेच पाऊल टाकलेला हा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण होता. उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद त्यांना १८८९ साली मिळाले. माझ्या लेखणीने नकळत त्या पदाचे वजन निबंधाला आधीच जोडून टाकले होते.

हा निबंध वाचला गेला तोही विद्यार्थ्यांच्या नावाने चालणाऱ्या सभेपुढे. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ साली मुंबईत साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासासाठी ही सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेने, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेने, १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक चालवले. पुढे सभेत मोठी माणसेही आली. परंतु आधी निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि मग तो छापावा, हा तिचा परिपाठ विद्यार्थ्यांनीच घालून दिलेला होता.

याच वृत्तीचे संस्थारूप कायद्याच्या क्षेत्रात पाहावयास मिळते. हार्वर्डच्या विधी विद्यार्थ्यांनी १५ एप्रिल १८८७ रोजी आपल्या नियतकालिकाचा पहिला अंक काढला. प्राध्यापक, वकील, न्यायाधीश यांनी लेख पाठवायचे आणि ते स्वीकारायचे की नाकारायचे हे विद्यार्थ्यांनी ठरवायचे, अशी ही उलटी रीत. स्वीकृत लेखाची प्रत्येक तळटीप संपादक मूळ ग्रंथाशी ताडून पाहतात आणि शंका लेखकाकडे परत पाठवतात. वॉरन आणि ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरील लेख १८९० साली याच नियतकालिकात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात त्या लेखाची चर्चा झाली. भारतातही राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून विद्यार्थी-संपादित नियतकालिके निघतात.

या पद्धतीवर आक्षेप नाहीत असे नाही. येलचे प्राध्यापक फ्रेड रॉडेल यांनी १९३६ सालीच अशा नियतकालिकांतील रुक्ष शैलीवर आणि तळटीपांच्या भारावर कठोर टीका केली होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनुभव थोडा असलेले संपादक लेखकाच्या पदाला आणि विद्यापीठाच्या नावाला भुलतात, असे म्हटले जाते. म्हणूनच काही ठिकाणी लेखकाचे नाव झाकून लेख वाचला जातो. पण पदाला भुलण्याचा दोष विद्यार्थ्यांपुरताच आहे काय? 'न्यायमूर्ती' हा शब्द तर माझ्याच लेखात आला होता.

आपल्याकडे २०१० च्या नियमावलीनंतर प्राध्यापकांच्या लेखांचे गुण मोजले जाऊ लागले. लेखांची संख्या वाढली, वाचक मात्र वाढले नाहीत. पैसे भरून छापलेले आणि कोणीही न तपासलेले लेख आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याला आळा घालण्यासाठी २०१९ मध्ये आलेली 'केअर' सूची अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बंद केली. सूची असो वा नसो, लेख कोणीतरी ओळीगणिक वाचला आहे काय, हा प्रश्न तिने सुटणारा नव्हताच.

परभणीत राहून संदर्भ मिळत नाहीत, ही आमची जुनी सबब. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी ग्रंथ आता जालावर उपलब्ध असल्याने ती पुष्कळशी लंगडी पडली आहे. आमच्या एम.ए.च्या आणि विधीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एक छोटे नियतकालिक काढावे, आम्ही शिक्षकांनी त्यांच्याकडे लेख पाठवावेत आणि नकार आला तर तो निमूटपणे वाचावा, असे मला वाटते. पहिले काही अंक कच्चे निघतील. विद्यार्थ्यांच्या हातूनही चुका होतील आणि त्या आम्हांला दाखवून द्याव्या लागतील.

वार्षिक अंकात माझा लेख आला तो 'न्यायमूर्ती' या शब्दाविना. वाक्य त्यामुळे लहान झाले. आणि त्यातला तेलंगांचा पराक्रम, मला वाटते, काहीसा मोठा.