दगडावरची बुळबुळ

आमच्या सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या आहेत. वीजबिल वाचावं म्हणून त्यांत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवायचा, असा ठराव मागच्या वर्षी एकमताने मंजूर झाला. हात मीही वर केला होता. काही दिवसांतच लिफ्टमध्येसुद्धा नाक धरायची वेळ आली.

तक्रार करायला खाली गेले, तर ऑपरेटरने टाकीतली एक प्लास्टिकची जाळीदार चकती काढून दाखवली. तपकिरी, बुळबुळीत. म्हणाला, "ताई, काम हे करतात. यांचाच श्वास कोंडलाय."

'हे' म्हणजे जिवाणू. चकतीला चिकटून राहिलेली त्यांची वस्ती, म्हणजे बायोफिल्म. मोरीच्या पाइपमध्ये हाताला लागते, तीच ही बुळबुळ. ती कामाची आहे हे माणसाला कधी कळलं, ते शोधत मी एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचले.

१८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी सडली, की ब्रिटिश संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. मग लंडनने प्रचंड गटारं बांधली आणि घाण शहराच्या पूर्वेला नेली. सोडली मात्र थेम्समध्येच. घाण हलली, संपली नाही.

१८७०च्या सुमारास एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने सांडपाणी मातीतून गाळून पाहिलं. मातीला अधूनमधून विश्रांती दिली, आत हवा शिरू दिली, तरच पाणी स्वच्छ होत होतं. निरीक्षण अचूक होतं. पण हे सगळं हवेतल्या ऑक्सिजनचं निव्वळ रासायनिक काम आहे, असं तेव्हा मानलं जाई.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एका लांब काचनळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि तिच्यातून सांडपाणी हळूहळू सोडलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. मग पाण्यातला अमोनिया कमी होऊ लागला आणि नायट्रेट दिसू लागलं. निव्वळ रसायन असतं, तर वीस दिवस कशासाठी थांबलं असतं? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम ठप्प! नंतर क्लोरोफॉर्म काढून टाकून थोडं मातीचं पाणी घातलं, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. नळीत कोणीतरी जिवंत होतं.

पण काळ जंतूंच्या भीतीचा होता. कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू दाखवला, पाठोपाठ पटकीचा. जंतू म्हणजे मारायची गोष्ट. अशा वेळी, १८८७ मध्ये, लंडनचा रसायनतज्ज्ञ विल्यम डिबडिन उलट सांगू लागला: सांडपाण्यातले जंतू मारू नका, त्यांना काम करू द्या.

त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स इथे प्रयोगकेंद्र सुरू झालं. तिथे वाळूऐवजी खडे वापरूनही पाणी स्वच्छ झालं. खड्यांमधल्या फटी मोठ्या होत्या. त्यांतून घाण गाळली जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे काम चाळणीचं नव्हतंच, खड्यांवरच्या थराचं होतं. पाणी थरावरून ओघळतं, जिवाणू त्यातली घाण खातात, हवा मिळते तोवर वाढतात. १८९३ मध्ये इंग्लंडमधल्या सॅल्फर्डला तर अशा थरांवर सांडपाण्याचे फवारे सुरू झाले.

१९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डन आणि लॉकेट यांनी जिवाणूंना दगडच नको, हवा घुसळलेल्या पाण्यात ते गाळाच्या पुंजक्यांत तरंगतही काम करतात, हे दाखवलं. जागा कमी लागली आणि मोठ्या शहरांत दगड मागे पडले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतल्या संशोधकांनी दोन्ही कल्पना एकत्र आणल्या: पाण्यात फिरणारे प्लास्टिकचे छोटे तुकडे आणि त्यांच्यावर बुळबुळ. आमच्या तळघरातली चकती त्याच घराण्यातली.

पुढच्या सभेत ठराव मागे घेतला. ब्लोअर रात्रंदिवस सुरू झाला, तरी वास लगेच गेला नाही. "आता कसली वाट बघायची?" म्हणून लोक वैतागले. मला ते वीस दिवस आठवत होते.