भिंगाचे टोपण आणि सेकंदांचा हिशेब

ज्युबिलीच्या स्मरणिकेत जुन्या मंडळींचे फोटो छापण्याचा प्रघात आहे, आणि ते पाहताना "आपले आजेपणजे किती कडक होते हो!" असा उद्गार हटकून कानी पडतो. पाठ ताठ, ओठ मिटलेले, नजर खिळलेली. वाचकहो, हा दोष त्या मंडळींच्या स्वभावाचा नव्हे. बऱ्याच अंशी तो कॅमेऱ्याच्या काचेचा, तिच्यापुढील थोर भिंगाचा आणि त्या भिंगावरील टोपण काढून पुन्हा बसविणाऱ्या हाताचा आहे. त्या हाताची हकिकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

१८३९ साली दागेर याची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा माणसाचे चित्र काढणे म्हणजे त्यास कित्येक मिनिटे उन्हात खिळवून ठेवणे होते. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नाचे गणिती योसेफ पेट्झव्हाल यांनी गणिताने एक नवे भिंग सिद्ध केले. त्याचे छिद्र एफ ३.६, म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाच्या ३.६ पट. एफ १६ च्या भिंगाहून सुमारे वीस पट प्रकाश ते आत घेई. चाळीस सेकंदांचे काम दोन सेकंदांत होऊ लागले. आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनात या कलेचा वर्ग निघाला, आणि डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण ही नावे पहिल्या एतद्देशीय छायाचित्रकारांत गणली गेली.

आता खरी अडचण पाहा. पंधरा इंच नाभीय अंतराचे भिंग इतका प्रकाश घेणारे हवे, तर त्याचे तोंड चार इंचांहून रुंद होते. पोलादी पाकळ्यांची जी शटरे पुढे भिंगात बसवू लागले, ती अडीच इंचांच्या आसपास येऊन थांबली. एवढ्या रुंद तोंडापुढे ती तोकडी पडली. म्हणून टोपण आणि हात हेच शटर. हात हे वाईट शटर होते असे मात्र कोणी समजू नये. हात पाव सेकंद चुकला, तर एका सेकंदाच्या कामात ती चूक चौथ्या हिश्श्याची. दहा सेकंदांच्या कामात चाळिसाव्या हिश्श्याची, म्हणजे नगण्य. काच मंद, म्हणून काळ लांब. काळ लांब, म्हणून हात अचूक. मध्ययुगीन युरोपात स्वयंपाकी पदार्थ शिजण्याचा काळ प्रभूच्या प्रार्थनेच्या आवृत्त्यांनी मोजीत. छायाचित्रकार मनात आकडे मोजी, इतकाच फरक.

काळाप्रमाणे छिद्रही आवरता येई. १८५८ मध्ये इंग्लंडातील जॉन वॉटरहाऊस यांनी भिंगाच्या नळीस खाच पाडून तीत निरनिराळ्या भोकांच्या पितळी पट्ट्या बसविण्याची युक्ती काढली. भोकाचा व्यास निम्मा केला की वेळ चौपट. कॅमेऱ्याचा भाताही या हिशेबात येतो, ही गोष्ट नवशिके हमखास विसरतात. चेहरा काचेवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचा हवा, तर भाता नाभीय अंतराच्या दीडपट ओढावा लागतो आणि वेळ सव्वादोन पट द्यावी लागते.

पण सर्वांत अवघड प्रकरण रंगांचे. जुन्या काचेस निळा प्रकाश तेवढा नीट दिसे. पिवळा फार थोडा, तांबडा जवळजवळ नाहीच. १८७३ मध्ये बर्लिनचे हेर्मान फोगेल यांनी काचेस पिवळा व हिरवा दाखविण्याचा मार्ग शोधला, तरी तांबड्याचे आंधळेपण पुढे पुष्कळ वर्षे टिकले. त्यामुळे कपाळीचे कुंकू काळे उमटले, तांबड्या लुगड्याचा काळोख झाला आणि आपला सावळा वर्ण होता त्याहून कितीतरी गडद दिसला. पहिल्या कम्युनियनच्या मुलांचे जुने फोटो पाहावेत: शुभ्र पोशाख झगमगतात आणि चेहरे अंधारात राहतात. चेहऱ्यास पुरेसा वेळ द्यावा, तर पांढऱ्या वस्त्राची घडीसुद्धा दिसेनाशी होते. वस्त्र सांभाळावे, तर चेहरा जातो. गोऱ्या कातडीवरून बांधलेले युरोपातील वेळेचे कोष्टक येथे जसेच्या तसे चालणारे नव्हते. माझ्या मते छायाचित्रकाराने चेहरा वाचवावा आणि धोतराची चिंता सोडावी. जे तसे वागले, त्यांच्याच फोटोंत आपली माणसे आज ओळखू येतात.

इमारतीस हा प्रश्न नाही. ती हलत नाही. आपल्याच जिल्ह्यातील तेरच्या प्राचीन अवशेषांविषयी हेन्री कझिन्स यांनी पुराणवस्तू खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात लिहिले. तेथील विटांच्या त्रिविक्रम मंदिरासारख्या वास्तूपुढे छिद्र बारीक करून वेळ हवा तेवढा लांबविता येतो. वेळ पुरेसा लांब असला, तर मधून चालत गेलेल्या माणसाचा मागमूसही उरत नाही. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांच्या २८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली घेतल्या, हे आपले भाग्य. अशा काचा अनेक घरांतून भंगारात गेल्या आहेत.

काचा शीघ्र झाल्या आणि हात मागे पडला. मग थॉर्न्टन-पिकार्ड यांचे दोरीने ओढावयाचे कापडी पडद्याचे शटर आले, आणि अमेरिकेतील पॅकर्ड यांचे रबरी फुगा दाबताच उघडणारे. पॅकर्डचा वेग सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागापर्यंत. आज कोणी हौशी गृहस्थ तेच भिंग घेऊन बसला, तर त्याचे संकट नेमके उलटे आहे. आयएसओ १०० च्या फिल्मवर, भर उन्हात, एफ ४ ला सेकंदाचा सोळाशेवा भाग पुरतो. पॅकर्ड त्याच्या चौसष्ट पट प्रकाश आत सोडतो. म्हणून तो भिंगापुढे राखाडी काच लावतो, किंवा फिल्म सोडून मंद कागद घेतो. आयएसओ ६ चा कागद आणि एफ ८ चे छिद्र असले, की उन्हात पॅकर्डचा वेग बरोबर जुळतो.

अंधाऱ्या खोलीत मात्र तिसराच उपाय होता, आणि तो आपल्या गावास परका नाही. टोपण काढावे, दारू पेटवावी, टोपण लावावे. १८८७ मध्ये जर्मनीत गेडिके आणि मीथे यांनी मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांची ही दारू सिद्ध केली. अंधारात उघडे भिंग काही घेत नाही; जो लखलखाट झाला तेवढाच काळ, मग शटर हवे कशाला? ती हाताळताना कित्येक छायाचित्रकार भाजले, काही प्राणास मुकले. १९२९ च्या सुमारास काचेच्या बंद फुग्यात जळणारा दिवा निघाला आणि दारू कॅमेऱ्याजवळून हद्दपार झाली. धातूची भुकटी आणि तिला जाळणारा क्षार ही जोडी मात्र फटाक्यांत राहिली, आणि तिचे गुण व तिचा धोका तेरखेड्याच्या कारखान्यांतील हातांना कोणी नव्याने सांगावयास नको.